विश्वाचं वय काढा लाइट बिलाच्या पाठीवर

विश्वाचं वय साधारण १,३८० कोटी वर्षं, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर नुसती मान डोलावतो. कुणी मोजलं, कशावरून मोजलं, हे विचारायचं राहूनच जातं. त्यामागे आपल्याला न झेपणारं काहीतरी भयंकर गणित असणार, असं आपण परस्पर ठरवून टाकलेलं असतं. मी हे गणित पहिल्यांदा केलं ते लाइट बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. अर्धी बाजू शून्यं लिहिण्यात आणि खोडण्यात गेली. उरलेल्या अर्ध्या बाजूवर नंतर किराण्याची यादी लिहिली गेली, म्हणजे जागा शिल्लक होती.

तुम्हाला लागेल मोबाइलमधला कॅल्क्युलेटर, कागद आणि भागाकार. घातांक नको, लॉग नको. शून्यांपुरती मात्र एक सावधगिरी बाळगा. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, म्हणजेच एक अब्ज. इंग्रजी स्रोतातला १३.८ बिलियन हा आकडा मराठीत आणताना भल्याभल्यांकडून १३.८ कोटी होऊन बसतो. तेवढ्यात विश्व डायनासोरांच्या काळात जन्माला येतं.

आधी एसटीचं गणित

समजा, दुपारचे बारा वाजलेत आणि तुम्ही स्वारगेटला उभे आहात. तुमचे तीन ओळखीचे सकाळी इथूनच साताऱ्याच्या दिशेनं निघालेत. नक्की कधी, ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही तिघांना फोन लावता. सायकलवाला शिरवळच्या अलीकडे, ४५ किलोमीटरवर, ताशी १५ च्या वेगानं चाललाय. एसटीतला साताऱ्याच्या थोडा पुढे, १२० किलोमीटरवर, वेग ४०. मोटारवाला कोल्हापूरच्या अलीकडे, २१० किलोमीटरवर, वेग ७०.

अंतराला वेगानं भागा. ४५ भागिले १५, तीन. १२० भागिले ४०, तीन. २१० भागिले ७०, पुन्हा तीन. तिघंही नऊ वाजता निघाले होते. घाटातली कोंडी, चहाचा थांबा, पंक्चर या सगळ्याकडे आत्ता दुर्लक्ष करू. पुढे या थांब्यांकडे परत यायचंच आहे.

जो जितका लांब, तो तितक्याच पटीनं वेगवान असेल, तर सगळ्यांची निघायची वेळ एकच निघते. आकाशातही असंच दिसतं. दूरच्या दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी अब्जावधी ताऱ्यांची बेटं, आपल्यापासून लांब चालल्यात. जी दुप्पट दूर ती दुप्पट वेगानं जातेय. एडविन हबल यानं १९२९ साली हे मांडलं. बेल्जियमचा पाद्री-शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यानं १९२७ मध्येच हा संबंध गणितानं काढला होता, म्हणून २०१८ पासून आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेनं या नियमाला दोघांचं नाव द्यायची शिफारस केली.

मग आपण विश्वाच्या स्वारगेटवर उभे आहोत का? नाही. पायजम्यात घालायची इलास्टिकची पट्टी घ्या आणि पेनानं दर दोन सेंटिमीटरवर एक अशा पाच-सहा खुणा करा. आता पट्टी इतकी ताणा की प्रत्येक दोनाचे तीन सेंटिमीटर होतील. कोणतीही एक खूण ‘आपण’ धरा. शेजारची खूण एक सेंटिमीटर लांब गेली, तिच्यापलीकडची दोन, त्यापलीकडची तीन. ‘आपण’ बदला, दुसरी खूण धरा. हिशेब तोच येतो. इथे एकही खूण पट्टीवरून सरकली नाही, पट्टीच ताणली गेली. विश्वातही ताणली जाते ती दीर्घिकांमधली जागा. हा प्रयोग हातानं करून बघा, नुसतं वाचून तो पटत नाही.

वेग: दोन काळ्या रेघा कुठे सरकल्या

दीर्घिकेचा प्रकाश लोलकातून किंवा जाळीतून पसरवला की रंगांची पट्टी मिळते. हा वर्णपट. त्यात जागोजागी काळ्या रेघा असतात. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक रंगाचा प्रकाश गिळतं, त्याची ही सही. कॅल्शियमची सही ओळखायला सगळ्यात सोपी, कारण जांभळ्या टोकाला दोन जाड रेघा अगदी शेजारी-शेजारी असतात. प्रयोगशाळेत त्या ३९३.४ आणि ३९६.८ नॅनोमीटर तरंगलांबीवर (म्हणजे प्रकाशाच्या लाटेची लांबी, रंग तिच्यावरूनच ठरतो) असतात.

‘अरुंधती केश’ तारकासमूहाच्या दिशेला हजाराहून जास्त दीर्घिकांचा एक मोठा घोळका आहे. त्यातल्या दीर्घिकांच्या वर्णपटात हीच जोडी सरासरीनं ४०२.५ आणि ४०६.० वर सापडते. जोडी तीच, जागा लाल रंगाच्या बाजूला सरकलेली. हीच ताम्रसृती, म्हणजे रेडशिफ्ट. ती आकड्यात अशी मांडतात: ४०२.५ मधून ३९३.४ वजा, उरले ९.१. त्याला मूळच्या ३९३.४ नं भागलं की ०.०२३१. थोडक्यात, तरंगलांबी २.३१ टक्क्यांनी वाढली. एवढ्या लहान ताम्रसृतीसाठी त्याचा अर्थ सरळ आहे: दीर्घिका प्रकाशाच्या वेगाच्या २.३१ टक्के वेगानं लांब जातेय. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे हा वेग झाला सेकंदाला सुमारे ६,९३० किलोमीटर.

हबलसाठी असे वर्णपट घेणारा माणूस होता मिल्टन ह्युमेसन. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर वेधशाळा बांधली जात होती तेव्हा तो सामानाने लादलेली खेचरं डोंगरावर हाकायचा. पुढे तिथेच सफाई कामगार झाला, मग रात्रीचा मदतनीस आणि शेवटी जगातले सगळ्यात अंधुक वर्णपट टिपणारा खगोलज्ञ. एका दीर्घिकेसाठी कित्येक रात्री दुर्बिणीला डोळा लावून थंडीत बसायचं, आणि हाती लागायची नखाएवढी करडी पट्टी. आज स्लोन सर्वेक्षणासारख्या प्रकल्पांचे लाखो वर्णपट इंटरनेटवर फुकट आहेत. तुम्ही स्वतः ही जोडी शोधून ताम्रसृती काढू शकता.

अंतर: इथे घाम निघतो

वेगाचं काम एका वजाबाकीत झालं. अंतराचं तसं नाही. या सगळ्या कहाणीत चुका झाल्या त्या अंतरातच, आणि त्या लहान नव्हत्या.

रात्री हायवेवर समोरून एक दिवा येतो. तो जवळच्या मोटारसायकलचा आहे की दूरच्या ट्रकचा, हे नुसत्या तेजावरून कळत नाही. पण दिवा किती वॅटचा आहे हे कळलं, तर कळतं. त्यासाठीचा नियम शाळेतला: अंतर दुप्पट तर उजेड चौथाई, अंतर दहापट तर उजेड शंभरावा हिस्सा. म्हणजे दोन दिवे मुळात सारखे असतील आणि एक दहा हजारपट मंद दिसत असेल, तर तो शंभरपट लांब आहे. दहा हजारचं वर्गमूळ शंभर. बस्स.

आकाशातल्या दिव्यावरचं वॅटचं लेबल वाचायला शिकवलं हेन्रिएटा लेविट या बाईंनी. त्या हार्वर्ड वेधशाळेत काचेच्या फोटोप्लेटांवर ताऱ्यांची तेजस्विता मोजायचं काम करत. काही तारे ठरावीक दिवसांनी उजळतात आणि मंदावतात. वृषपर्वा (सेफियस) तारकासमूहातल्या अशा एका ताऱ्यावरून, ज्याचं बदलणं १७८४ साली ध्यानात आलं होतं, त्यांना सेफिड म्हणतात. लेविटबाईंनी छोटा मॅजेलॅनिक मेघ या आपल्या शेजारच्या लहान दीर्घिकेतले २५ सेफिड तपासले आणि १९१२ मध्ये दाखवून दिलं की ज्याचं चक्र मोठं, तो मुळात जास्त तेजस्वी. मग दूरच्या दीर्घिकेत सेफिड दिसला की त्याचे दिवस मोजायचे, त्यावरून खरं तेज काढायचं, दिसणाऱ्या तेजाशी ताडून बघायचं आणि वर्गमूळ घ्यायचं.

ही खरं तर शिडी आहे. खालच्या पायरीवर जवळच्या ताऱ्यांची अंतरं. ती पृथ्वीच्या कक्षेच्या दोन टोकांवरून बघून काढतात. अंगठा समोर धरून आधी एक डोळा, मग दुसरा डोळा मिटला की अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो, तसंच. त्यावर सेफिड. त्यावर टाइप वन-ए सुपरनोव्हा, हे फुटणारे तारे इतके प्रखर असतात की सेफिड दिसेनासे झाल्यावरही दिसतात. खालची पायरी हलली की वरच्या सगळ्या हलतात.

आपण तीन घोळके घेऊ, ज्यांची अंतरं ताम्रसृतीचा आधार न घेता काढलेली आहेत. कन्या समूह, सुमारे ५.४ कोटी प्रकाशवर्षं. अश्मंत समूह, सुमारे ६.५ कोटी. अरुंधती केश समूह, सुमारे ३२.१ कोटी.

आता भागाकार

रूढ पद्धतीत इथे मेगापार्सेक नावाचं एकक येतं, मग ते किलोमीटरमध्ये बदला, वर्षाचे सेकंद काढा, दहाचा एकोणिसावा घात वगैरे. माझी अर्धी बाजू तिथेच वाया गेली होती. ते सगळं टाळायची युक्ती आहे.

एक प्रकाशवर्ष जायला प्रकाशाला एक वर्ष लागतं. ही तर त्याची व्याख्याच. अरुंधती केश समूह सेकंदाला ६,९३० किलोमीटर वेगानं जातोय, प्रकाश तीन लाखांनी. तीन लाख भागिले ६,९३० म्हणजे ४३.३. समूह प्रकाशाहून ४३.३ पट संथ. मग जे अंतर कापायला प्रकाशाला ३२.१ कोटी वर्षं लागतात, ते कापायला या समूहाला ३२.१ गुणिले ४३.३ कोटी वर्षं लागली असणार.

उत्तर: १,३९० कोटी वर्षं.

आणखी आखूड करायचं असेल तर वेग काढूच नका. अंतर प्रकाशवर्षांत घ्या आणि ताम्रसृतीनं भागा. ३२.१ कोटी भागिले ०.०२३१. तेच उत्तर. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी जरा वेळ बिलाकडे नुसता बघत बसलो होतो. एक वजाबाकी, दोन भागाकार आणि आख्ख्या विश्वाचं वय.

बाकीचे दोन करून बघा. कन्या समूहाचा सरासरी वेग साधारण १,१००. तीन लाख भागिले १,१००, म्हणजे २७२.७, गुणिले ५.४ कोटी, उत्तर १,४७३ कोटी. अश्मंत समूहाचा वेग साधारण १,४३०, उत्तर १,३६४ कोटी. तिघांची सरासरी १,४०९ कोटी. तीन वेगवेगळ्या दिशा, अंतरात सहापट फरक, आणि उत्तरं एकमेकांच्या एवढी जवळ. पुणे-सातारा रस्त्यावरच्या त्या तिघांसारखीच.

कोणती दीर्घिका घ्यायची नाही

इथपर्यंत सगळं गोड झालं, कारण आकडे मी निवडून दिले. तुम्ही स्वतः निवडायला गेलात की ठेच लागेल, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

अगदी जवळची दीर्घिका घेऊ नका. मी सुरुवातीला सप्तर्षीजवळची एम १०१ घेतली होती, कारण तिचे फोटो सुरेख असतात. अंतर २.१ कोटी प्रकाशवर्षं, वेग सेकंदाला सुमारे २४० किलोमीटर. उत्तर आलं २,६२५ कोटी वर्षं! मला वाटलं शून्य चुकलं, म्हणून दोनदा तपासलं. शून्य बरोबर होतं, दीर्घिका चुकीची होती. प्रत्येक दीर्घिकेला जागेच्या ताणण्याखेरीज स्वतःचीही चाल असते, शेजाऱ्यांच्या ओढीमुळे आलेली, सेकंदाला काही शे किलोमीटर. जवळच्या दीर्घिकेत ताणण्याचा वेगच तेवढा असतो, त्यामुळे खरी गोष्ट गोंगाटात बुडते. आपली शेजारीण देवयानी तर सेकंदाला ३०० किलोमीटरनं आपल्याकडेच येतेय. तिच्यावरून वय काढलंत तर उणे येईल. गंमत म्हणजे व्हेस्टो स्लायफर यानं १९१२ मध्ये दीर्घिकांचे वेग मोजायला सुरुवात केली तीच नेमकी देवयानीपासून.

एकटी दीर्घिकाही घेऊ नका. अरुंधती केश समूहातल्या दोन सगळ्यात मोठ्या दीर्घिकांपैकी एनजीसी ४८८९ चा वेग सुमारे ६,५०० आहे आणि एनजीसी ४८७४ चा सुमारे ७,२००. दोघी एकाच घोळक्यात, जवळजवळ एकाच अंतरावर. मधमाश्यांचं पोळं उठून चाललं असेल तर एका माशीवरून सगळ्या थव्याचा वेग सांगता येत नाही, सरासरी लागते.

फार लांबचीही नको. २०२३ च्या सुरुवातीला नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीची एक बातमी आली होती. तिथे एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा रेडिओ संदेश पकडला गेला. मुळात १,४२० मेगाहर्ट्झचा, आपल्याकडे पोहोचेपर्यंत सुमारे ६२० मेगाहर्ट्झ झालेला. ताम्रसृती १.२९, प्रकाश निघून सुमारे ८८० कोटी वर्षं झालेली. भागा ८८० ला १.२९ नं. ६८२ कोटी. विश्वाचं वय त्या प्रकाशाच्या प्रवासाहूनही कमी! आपला भागाकार ताम्रसृती ०.१ च्या खाली असेल तोवरच धरून चालायचा. त्यापुढे प्रकाश वाटेत असतानाच पट्टी इतकी ताणली जाते की ‘अंतर’ म्हणजे आत्ताचं की तेव्हाचं, हाच प्रश्न उभा राहतो.

आणि सगळ्यात फसवा खड्डा: उलटं काढलेलं अंतर. दूरच्या बऱ्याच दीर्घिकांपुढे इंटरनेटवर जे अंतर लिहिलेलं असतं, ते कुणी सेफिड किंवा सुपरनोव्हा बघून काढलेलं नसतं. ताम्रसृतीवरून, हबलच्याच नियमानं, काढलेलं असतं. ते घेऊन तुम्ही ताम्रसृतीनं भागलंत, तर त्यांनी आत घातलेला आकडा तुम्ही बाहेर काढलात, एवढंच. उत्तर झकास येतं आणि हाती काहीच लागत नाही. यावर उपाय आहे. ‘नेड’ नावाचा दीर्घिकांचा एक मोफत माहितीसाठा आहे, त्यात ताम्रसृतीविना काढलेली अंतरं वेगळ्या कोष्टकात मिळतात. तीच घ्या.

हबलचं उत्तर: २०० कोटी

हबलचा वेगाचा आकडा होता दर मेगापार्सेकला ५०० किलोमीटर प्रतिसेकंद. मेगापार्सेक म्हणजे ३२.६ लाख प्रकाशवर्षं. आपल्या युक्तीनं बघा: तीन लाख भागिले ५००, म्हणजे ६००. गुणिले ३२.६ लाख. सुमारे १९६ कोटी वर्षं.

आता पंचाईत अशी की खडकांमधल्या किरणोत्सारी द्रव्यांवरून पृथ्वीचं वय निघू लागलं होतं आणि ते याच्या पुढे चाललं होतं. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यानं उल्कापाषाणांवरून ते ४५५ कोटींवर आणून ठेवलं. आईपेक्षा लेक मोठी!

ही अडचण इतकी खरी होती की १९४८ मध्ये फ्रेड हॉयल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी वेगळीच वाट काढली: विश्वाला सुरुवातच नाही, ते सदा असंच आहे, जागा ताणली जाते तसं नवं द्रव्य तयार होत राहतं. हे स्थिर स्थिती विश्व. याच हॉयल यांच्याबरोबर केंब्रिजला काम केलेले आणि पुढे पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणारे जयंत नारळीकर शेवटपर्यंत महास्फोटाबद्दल साशंक राहिले. १९९३ मध्ये हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी त्या कल्पनेची सुधारलेली आवृत्ती मांडली. १९६५ मध्ये वैश्विक पार्श्वप्रारण, म्हणजे तापलेल्या बाल-विश्वाचा सगळ्या दिशांनी येणारा मंद अवशेष, सापडल्यानंतर बहुतेक खगोलज्ञ महास्फोटाकडे गेले आणि पुरावाही तिकडेच झुकतो, असं माझं मत. तरी नारळीकरांच्या बाजूचा एक मुद्दा आपल्या कागदाला तंतोतंत लागू आहे. अंतर भागिले वेग केलं की काळ मिळतो. त्या काळापूर्वी ‘सुरुवात’ झाली होती, हे हा भागाकार सिद्ध करत नाही. स्थिर स्थितीच्या विश्वातही हाच भागाकार करता येतो आणि आकडा येतो, फक्त त्याला वय म्हणता येत नाही. सुरुवात होती, हे आपण दुसऱ्या पुराव्यांवरून मान्य करतो आणि मग हा आकडा वापरतो.

२०० चे १,४०० कोटी झाले कसे? अंतरं चुकली होती. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसचे दिवे बंद असायचे, त्यामुळे माउंट विल्सनचं आकाश काळंकुट्ट झालं होतं. जर्मन नागरिक असल्यामुळे युद्धाच्या कामापासून दूर ठेवलेला वॉल्टर बाडे त्या अंधारात देवयानीच्या गाभ्यातले सुटे तारे टिपत बसला. त्यातून पुढे कळलं की सेफिड दोन जातींचे असतात आणि एक जात दुसरीपेक्षा बरीच तेजस्वी. हबल ट्रकच्या दिव्याला मोटारसायकलचा दिवा समजला होता. १९५२ मध्ये रोमच्या परिषदेत बाडेनं हे सांगितलं आणि एका फटक्यात सगळी अंतरं, म्हणून वयही, दुप्पट झालं. १९५८ मध्ये ॲलन सँडेजनं दाखवलं की हबलला दूरचे तेजस्वी तारे वाटले होते ते मुळात तारे नव्हते, चमकणाऱ्या वायूचे ढग होते. त्याचा आकडा ७५ च्या आसपास आला. वेगाच्या मोजणीला कुणाला हात लावावा लागला नाही.

शेवटची दुरुस्ती: वाटेतले थांबे

आता त्या चहाच्या थांब्यांकडे. आपण धरून चाललो की वेग पहिल्यापासून एकच होता. पण सगळ्या द्रव्याचं गुरुत्वाकर्षण ताणण्याला ब्रेक लावत असणार. म्हणजे पूर्वीचा वेग जास्त, इथवर पोहोचायला लागलेला वेळ कमी. विश्वात फक्त द्रव्य असेल तर नेमका दोन-तृतीयांश. १,४०० कोटींचे ९३३ कोटी. आणि शौरी तारकासमूहातल्या एम १३ सारख्या गोलाकार तारकागुच्छांची वयं १,२०० कोटींच्या घरात. पुन्हा आईपेक्षा लेक मोठी! १९९० च्या दशकात हा पेच खराखुरा होता.

तो सुटला १९९८ मध्ये. दूरचे टाइप वन-ए सुपरनोव्हा अपेक्षेहून मंद, म्हणजे अपेक्षेहून लांब निघाले. विश्वाचा वेग कमी न होता वाढतोय. पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना त्यासाठी २०११ चं नोबेल मिळालं. हे वाढणं ज्यामुळे होतं त्याला कृष्ण ऊर्जा म्हणतात, आणि ती नेमकी काय हे कुणी सांगू शकलेलं नाही. आपल्या कागदापुरतं असं: पहिला अर्धा प्रवास ब्रेकवर, उरलेला ॲक्सिलरेटरवर, आणि दोन्ही मिळून जवळजवळ एकमेकांना खोडतात. आजच्या मोजमापांप्रमाणे गुणक येतो सुमारे ०.९५. आपल्या १,४०९ ला त्यानं गुणा: १,३३९ कोटी. प्लांक उपग्रहानं पार्श्वप्रारणावरून काढलेलं उत्तर सुमारे १,३८० कोटी. कॅल्क्युलेटर आणि लाइट बिल घेऊन तीन टक्क्यांच्या आत!

हे तीन टक्के मी भाव मारण्यापुरते सांगितले. खरं तर ते नशीब आहे. कन्या समूह गाळला तर आकडा खाली जातो, दुसरी अंतरं घेतली तर हलतो. १,२०० ते १,५०० च्या मधलं काहीही आलं तर तुमचं गणित बरोबर आहे.

आणि मोठमोठ्या दुर्बिणीवाल्यांचंही अजून जुळलेलं नाही. प्लांकचा वेगाचा आकडा ६७.४. सेफिड आणि सुपरनोव्हा यांच्या शिडीनं काढलेला, २०२२ चा, ७३.०. दोघांनीही चुकीची मर्यादा सुमारे एक-दीड टक्क्याच्या आत दिलीय आणि मधला फरक आठ टक्क्यांचा आहे. भागाकार करून बघा: ६७.४ ला १,४५१ कोटी, ७३ ला १,३४० कोटी. हे गुणकाच्या आधीचे. दुसरा आकडा खरा धरला आणि गुणक लावला तर वय १,२७० च्या आसपास जातं आणि सगळ्यात जुन्या ताऱ्यांना विश्वात जेमतेम जागा उरते. तूळ राशीच्या दिशेला एक तारा आहे. २०१३ मध्ये त्याचं वय १,४४६ कोटी निघालं होतं, अधिक-उणे ८० कोटी. ते ‘अधिक-उणे’ मथळ्यात घ्यायचं बऱ्याच जणांनी टाळलं आणि विश्वापेक्षा जुना तारा म्हणून तो गाजला.

अरुंधती केश समूह आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये रात्री जवळजवळ डोक्यावर येतो. त्यातली एनजीसी ४८८९ बघायला चांगल्यापैकी मोठी दुर्बीण आणि शहराबाहेरचा अंधार लागतो, आणि दिसतो तो फक्त एक फिकट ठिपका. कुणी दाखवला तर ०.०२३१ हा आकडा खिशात असू द्या.